विद्युत मोटारींची परराज्यातील खरेदी आणि करसवलती (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका राज्याच्या रहिवाशाने दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून विजेवर चालणारी मोटार विकत घेणे कायदेशीर आहे आणि ही प्रथा बरीच रूढ आहे. अशा खरेदीत करसवलतींचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा ठरतो. मोटारींची नोंदणी, विक्रीकर आणि विक्रेत्यांचे परवाने हे विषय तेथे राज्यांच्या अखत्यारीत येतात. आयकर केंद्र शासन आकारते आणि बहुतेक राज्येही स्वतंत्रपणे आकारतात. परिणामी एकाच मोटारीवर दोन शासनांच्या, दोन वेगळ्या नियमांनी बांधलेल्या सवलती लागू होऊ शकतात.

केंद्राची सवलत खरेदीदाराची आणि मोटारीची पात्रता पाहत असे. मोटार कोणत्या राज्यात विकत घेतली याला तीत महत्त्व नव्हते. राज्यांच्या सवलती मोटारीची नोंदणी कोठे होते यावर, आणि काही राज्यांत विक्रेता कोठला आहे यावरही अवलंबून असतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास स्वस्त वाटणारी परराज्यातील खरेदी प्रत्यक्षात महाग पडू शकते. केंद्राची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपादन केलेल्या मोटारींसाठी बंद झाली आहे. त्यानंतरच्या खरेदीत राज्यांच्या सवलती आणि विक्रीकर हेच घटक निर्णायक उरले आहेत.

संज्ञा

टॅक्स क्रेडिट: देय करातून थेट वजा होणारी रक्कम. एखाद्याचा वर्षाचा आयकर ९,००० डॉलर असेल आणि त्यास ७,५०० डॉलरचे क्रेडिट मिळाले, तर त्याला १,५०० डॉलरच कर भरावा लागतो.

वजावट: करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम. तिचा लाभ कराच्या दरानुसार ठरतो. कराचा दर २२ टक्के असेल, तर ७,५०० डॉलरच्या वजावटीने १,६५० डॉलर कर वाचतो. वजावट आणि क्रेडिट या संज्ञा बोलताना एकमेकींच्या जागी वापरल्या जात असल्या, तरी त्यांच्या लाभांत मोठे अंतर आहे.

परतावा-अयोग्य क्रेडिट: देय करापेक्षा क्रेडिट अधिक असल्यास वरची रक्कम रोख न मिळणे. परतावा-योग्य क्रेडिटमध्ये ही वरची रक्कम शासन करदात्यास देते.

अनुदान: खरेदीच्या वेळी किंवा नंतर अर्ज केल्यावर मिळणारी रोख रक्कम. तिचा आयकराशी थेट संबंध नसतो. अमेरिकेत तिला रिबेट म्हणतात.

वापरकर: एखादी वस्तू राज्याबाहेर विकत घेऊन राज्यात वापरण्यास आणल्यास रहिवाशाकडून घेतला जाणारा कर. तो विक्रीकराला पूरक असतो.

मालकीपत्र आणि नोंदणी: अमेरिकेत मोटारीच्या मालकीचा दाखला आणि रस्त्यावर चालवण्यासाठीची नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन्ही सामान्यतः खरेदीदाराच्या निवासाच्या राज्यात होतात.

केंद्रीय टॅक्स क्रेडिटचा इतिहास

विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठीचे केंद्रीय टॅक्स क्रेडिट २००८ च्या ऊर्जाविषयक कायद्याने आयकर संहितेच्या कलम ३०-डी मध्ये आणले गेले. २००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्याने त्याला पुढील अनेक वर्षे टिकलेले स्वरूप दिले. बॅटरीच्या क्षमतेनुसार किमान २,५०० आणि कमाल ७,५०० डॉलर अशी ही रक्कम होती. प्रत्येक उत्पादकाच्या २,००,००० पात्र मोटारी विकल्या गेल्या की त्या उत्पादकापुरते क्रेडिट टप्प्याटप्प्याने कमी होत जाई.

टेस्ला कंपनीने ही मर्यादा २०१८ च्या जुलैमध्ये गाठली. तिच्या मोटारींवरील क्रेडिट १ जानेवारी २०१९ पासून ३,७५० डॉलर, १ जुलै २०१९ पासून १,८७५ डॉलर आणि १ जानेवारी २०२० पासून शून्य झाले. जनरल मोटर्सने ही मर्यादा २०१८ च्या अखेरच्या तिमाहीत ओलांडली आणि १ एप्रिल २०२० पासून तिचेही क्रेडिट संपले. देशात सर्वाधिक विद्युत मोटारी विकणाऱ्या कंपनीचे ग्राहक सवलतीपासून वंचित आणि नवख्या कंपन्यांचे ग्राहक पात्र, अशी स्थिती त्यामुळे काही वर्षे राहिली.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी स्वाक्षरी केलेल्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने ही रचना बदलली. दुसऱ्याच दिवसापासून उत्तर अमेरिकेत अंतिम जुळणी झालेल्या मोटारीच पात्र ठरू लागल्या. २०२३ च्या प्रारंभापासून उत्पादकनिहाय संख्येची मर्यादा रद्द झाली आणि पुढील अटी लागू झाल्या.

किंमत: व्हॅन, एसयूव्ही आणि पिकअप यांची उत्पादकाने जाहीर केलेली किंमत ८०,००० डॉलरपर्यंत आणि इतर मोटारींची ५५,००० डॉलरपर्यंत असणे आवश्यक.

उत्पन्न: समायोजित ढोबळ उत्पन्न संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यासाठी ३,००,००० डॉलर, कुटुंबप्रमुख म्हणून विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी २,२५,००० डॉलर आणि इतरांसाठी १,५०,००० डॉलर यांपेक्षा अधिक नसावे. चालू किंवा मागील वर्ष यांपैकी ज्या वर्षाचे उत्पन्न कमी असेल ते विचारात घेतले जाई.

बॅटरी: १८ एप्रिल २०२३ पासून क्रेडिटचे ३,७५० डॉलरचे दोन भाग झाले. एक भाग बॅटरीतील महत्त्वाच्या खनिजांच्या उगमावर आणि दुसरा बॅटरीच्या घटकांच्या निर्मितीस्थानावर अवलंबून होता. २०२४ पासून चीनसह काही देशांशी संबंधित उत्पादकांचे बॅटरी-घटक असलेल्या मोटारी अपात्र ठरल्या. २०२५ पासून हाच नियम खनिजांनाही लागू झाला.

याच कायद्याने वापरलेल्या विद्युत मोटारींसाठीही प्रथमच क्रेडिट दिले. ते विक्रीकिमतीच्या ३० टक्के, परंतु कमाल ४,००० डॉलर होते. मोटारीची किंमत २५,००० डॉलरपेक्षा अधिक नसणे, तिचे मॉडेल-वर्ष खरेदीच्या वर्षापेक्षा किमान दोन वर्षे आधीचे असणे आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली असणे आवश्यक होते. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या मोटारीला हे क्रेडिट मिळत नसे. उत्पन्नाची मर्यादा नव्या मोटारींच्या मर्यादेच्या निम्मी होती.

केंद्रीय सवलत आणि राज्यांच्या सीमा

कलम ३०-डी मध्ये खरेदीच्या राज्याविषयी कोणतीही अट नव्हती. मोटार प्रामुख्याने अमेरिकेत वापरली जावी, ती नवी असावी, आणि खरेदीदाराने ती पुनर्विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी घ्यावी एवढेच अपेक्षित होते. ओहायोच्या रहिवाशाने इलिनॉयमध्ये मोटार घेतली तरी त्याचा केंद्रीय क्रेडिटवरील हक्क अबाधित राही. विक्रेत्याचा परवाना कोणत्याही राज्याचा, वॉशिंग्टन डी.सी.चा, अमेरिकी प्रदेशाचा किंवा मूळनिवासी जमातीच्या शासनाचा असला तरी चाले.

परराज्यातील खरेदीत मात्र पुढील चार गोष्टींचा प्रत्यक्ष परिणाम होत असे.

पहिली गोष्ट म्हणजे ताब्याची तारीख. क्रेडिट ज्या दिवशी मोटार खरेदीदाराच्या ताब्यात येई त्या दिवसाच्या वर्षात आणि त्या दिवशीच्या नियमांनुसार मिळे. मागणी नोंदवल्याची किंवा पैसे भरल्याची तारीख त्यासाठी सामान्यतः गृहीत धरली जात नसे. डिसेंबरमध्ये दूरच्या राज्यात घेतलेली मोटार वाहतूकदाराकडून जानेवारीत घरी पोहोचली, तर क्रेडिट पुढील वर्षाच्या विवरणपत्रात जाई. नियम वर्षाच्या प्रारंभी बदलत असल्याने काही दिवसांच्या विलंबाने एखादी मोटार यादीतूनच वगळली जाण्याचा संभव असे.

दुसरी गोष्ट म्हणजे विक्रेत्याचा अहवाल. २०२४ पासून विक्रेत्याने इंटरनल रेव्हेन्यू सर्व्हिस या केंद्रीय आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विक्रीच्या वेळी अहवाल सादर करणे आणि त्याची प्रत खरेदीदाराला देणे बंधनकारक झाले. नोंदणी न केलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मोटारीवर क्रेडिट मिळवणे अवघड होई. शेकडो मैलांवरच्या विक्रेत्याकडे पुन्हा हेलपाटे घालणे शक्य नसल्याने ही प्रत हाती घेऊनच व्यवहार पूर्ण करणे इष्ट मानले जाई. विवरणपत्रासोबत ८९३६ क्रमांकाचा नमुना भरावा लागे.

तिसरी गोष्ट म्हणजे किंमत मोजण्याची रीत. नव्या मोटारीसाठी उत्पादकाने जाहीर केलेली किंमत विचारात घेतली जाई. घासाघीस करून ठरलेली किंमत नव्हे. त्यामुळे परराज्यातील विक्रेत्याने दोन हजार डॉलर कमी केले तरी ५६,००० डॉलर जाहीर किमतीची सेडान पात्र होत नसे. वापरलेल्या मोटारीसाठी याउलट प्रत्यक्ष विक्रीकिंमत धरली जाई आणि तीत विक्रेत्याने लावलेला पोहोचवणुकीचा खर्चही मिळवला जाई. २४,६०० डॉलरची जुनी मोटार विक्रेत्याने ६०० डॉलर घेऊन घरपोच दिली, तर तिची किंमत २५,२०० डॉलर होई आणि सर्व क्रेडिट बुडे. तीच मोटार खरेदीदाराने स्वतः जाऊन आणली तर ४,००० डॉलर मिळत.

चौथी गोष्ट म्हणजे क्रेडिटचे हस्तांतरण. १ जानेवारी २०२४ पासून खरेदीदाराला आपले क्रेडिट विक्रेत्याच्या नावे करून तेवढी रक्कम किमतीतून लगेच वजा करून घेता येऊ लागली. खरेदीदाराचा देय कर कमी असला तरी त्याला पूर्ण लाभ मिळे. मात्र पुढे उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्याचे आढळल्यास ती रक्कम विवरणपत्र भरताना परत करावी लागे.

राज्यांच्या सवलतींचे प्रकार

राज्यांच्या सवलतींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

नोंदणीवर आधारित सवलत: या प्रकारात मोटारीचे मालकीपत्र आणि नोंदणी त्या राज्यात होणे महत्त्वाचे असते. कोलोरॅडोचे टॅक्स क्रेडिट हे याचे प्रमुख उदाहरण आहे. १ जुलै २०२३ पासून ते ५,००० डॉलर आणि २०२५ मध्ये ३,५०० डॉलर होते. ३५,००० डॉलरपर्यंत जाहीर किंमत असलेल्या मोटारींना २०२४ पासून आणखी २,५०० डॉलर मिळू लागले. हे क्रेडिट परतावा-योग्य असल्याने अल्प उत्पन्न असणाऱ्यांनाही त्याचा पूर्ण लाभ होतो. दुसऱ्या राज्याचा रहिवासी कोलोरॅडोत मोटार घेऊन आपल्या राज्यात नोंदवील, तर त्याला ते मिळत नाही.

खरेदीच्या ठिकाणावर आधारित सवलत: या प्रकारात राज्यातीलच विक्रेत्याकडून मोटार घ्यावी लागते. न्यू यॉर्क राज्याचे २०१७ मध्ये सुरू झालेले, कमाल २,००० डॉलरचे अनुदान योजनेत सहभागी असलेल्या राज्यातील विक्रेत्यांमार्फतच दिले जाते. न्यू जर्सीच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘चार्ज अप’ अनुदानासाठीही मोटार न्यू जर्सीतच खरेदी करावी लागते किंवा भाडेपट्ट्याने घ्यावी लागते. हडसन नदीच्या पलीकडे न्यू यॉर्कमध्ये मोटार घेणाऱ्या न्यू जर्सीच्या रहिवाशाला यांपैकी कोणतेच अनुदान मिळत नाही.

विक्रीकरातील माफी: काही राज्यांनी रोख रक्कम न देता विक्रीकर माफ केला. न्यू जर्सीत शून्य-उत्सर्जन मोटारींवर ६.६२५ टक्के विक्रीकर पूर्णपणे माफ होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून अर्धा कर आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण कर लागू झाला. वॉशिंग्टन राज्यात १ ऑगस्ट २०१९ पासून ३१ जुलै २०२५ पर्यंत किमतीच्या ठरावीक भागावर विक्रीकर व वापरकर माफ होता.

बहुतेक अनुदान योजनांना ठरावीक निधी मिळतो आणि तो संपला की अर्ज स्वीकारणे थांबते. कॅलिफोर्नियाची २०१० पासून चाललेली अनुदान योजना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली. ऑरेगॉनची योजनाही निधीअभावी अनेकदा स्थगित झाली आहे.

विक्रीकर आणि वापरकर

अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ऑरेगॉन या पाच राज्यांत राज्य पातळीवर सर्वसाधारण विक्रीकर नाही. त्यामुळे तेथे मोटार घेतल्यास कर वाचेल, असा समज सर्वत्र आढळतो. वापरकरामुळे तो बहुतांशी चुकीचा ठरतो.

रहिवासी मोटार घेऊन आपल्या राज्यात परततो आणि नोंदणीसाठी जातो, तेव्हा ते राज्य वापरकर मागते. खरेदीच्या राज्यात काही विक्रीकर भरला असेल, तर सामान्यतः तेवढा वजा करून उरलेला घेतला जातो. कर चुकवण्यासाठी शेजारच्या राज्यात जाण्याचे प्रयोजनच उरू नये, हा त्यामागील हेतू आहे. वॉशिंग्टन राज्याच्या अशा करास १९३७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनेफर्ड विरुद्ध सिलास मेसन कंपनी या खटल्यात वैध ठरवले. राज्यातील वस्तूवर जेवढा भार पडतो तेवढाच बाहेरून आलेल्या वस्तूवर पडत असल्याने आंतरराज्य व्यापारात पक्षपात होत नाही, असे न्यायालयाचे मत होते.

ऑरेगॉनसारखे विक्रीकर नसलेले राज्यही याला अपवाद नाही. २०१८ पासून तेथे नव्या मोटारींच्या विक्रेत्यांवर अर्धा टक्का विशेषाधिकार-कर आहे, आणि परराज्यातून नवी मोटार आणणाऱ्या रहिवाशांवर तेवढाच वापरकर आहे.

मोंटानात केवळ कागदोपत्री कंपनी स्थापन करून तिच्या नावे महागड्या मोटारी नोंदवण्याची एक पळवाट प्रचलित आहे. मोटार प्रत्यक्षात दुसऱ्या राज्यात ठेवून वापरल्यास ते राज्य करचुकवेगिरीबद्दल कारवाई करू शकते. शिवाय मोटार स्वतःच्या राज्यात नोंदवली न गेल्याने तेथील विद्युत मोटारींची सवलतही हातची जाते.

थेट विक्रीवरील निर्बंध

अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटार उत्पादकाने स्वतः ग्राहकाला मोटार विकण्यावर बंदी आहे. विक्री स्वतंत्र विक्रेत्यांमार्फतच व्हावी लागते. स्थानिक विक्रेत्यांचे उत्पादकांपासून संरक्षण करण्यासाठी केलेले हे कायदे विद्युत मोटारींच्या आगमनापूर्वीचे आहेत. टेस्लाने स्वतंत्र विक्रेते न नेमता थेट विक्रीचा मार्ग निवडल्याने अशा राज्यांतील तिच्या ग्राहकांची खरेदी कायद्याच्या दृष्टीने परराज्यातील ठरू लागली.

टेक्सास हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील पर्यावरण आयोगाकडून विद्युत मोटारींना कमाल २,५०० डॉलरचे अनुदान मिळत असे. परंतु मोटार राज्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घेण्याची अट होती. परिणामी टेस्लाचे टेक्सासमधील ग्राहक, त्यांच्या मोटारींची नोंदणी टेक्सासमध्ये होऊन आणि कर टेक्सासला मिळूनही, अनुदानास अपात्र ठरले. केंद्राचे क्रेडिट मात्र या ग्राहकांना मिळू शके.

न्यू मेक्सिकोत थेट विक्रीवर बंदी असल्याने टेस्लाने २०२१ मध्ये नाम्बे पुएब्लो या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर आपले केंद्र उघडले. जमातींचे शासन राज्याच्या कायद्यापासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असल्याने हे शक्य झाले.

तुलनात्मक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ हिशोबाची रीत दाखवण्यासाठी दिले आहे. ‘अ’ राज्यात विक्रीकर ६ टक्के आहे आणि राज्यातील विक्रेत्याकडून मोटार घेतल्यास २,००० डॉलर अनुदान मिळते. शेजारच्या ‘ब’ राज्यात विक्रीकर नाही. एकाच मोटारीची किंमत ‘अ’ मध्ये ४२,००० आणि ‘ब’ मध्ये ४०,५०० डॉलर आहे. खरेदीदार ‘अ’ चा रहिवासी आहे.

वरवर पाहता ‘ब’ मध्ये किमतीचे १,५०० आणि विक्रीकराचे २,५२० असे ४,०२० डॉलर वाचतात. प्रत्यक्ष हिशोब वेगळा येतो.

‘अ’ मधील खरेदी: ४२,००० अधिक विक्रीकर २,५२० वजा अनुदान २,००० = ४२,५२० डॉलर.

‘ब’ मधील खरेदी: ४०,५०० अधिक ‘अ’ राज्याचा वापरकर २,४३० अधिक वाहतूक ८०० = ४३,७३० डॉलर.

म्हणजेच ‘ब’ मधील खरेदी १,२१० डॉलरने महाग पडते. परंतु ‘अ’ राज्याचे अनुदान विक्रेत्याच्या ठिकाणाऐवजी नोंदणीवर आधारित असते, तर ‘ब’ मधील एकूण खर्च ४१,७३० डॉलर झाला असता आणि ७९० डॉलर वाचले असते. योजनेच्या नियमांत ‘राज्यात नोंदवलेली’ असा शब्दप्रयोग आहे की ‘राज्यात खरेदी केलेली’ असा आहे, एवढ्यावर निष्पत्ती उलटते. केंद्रीय क्रेडिट लागू असताना ते दोन्ही पक्षी सारखेच मिळाले असते. त्यामुळे ते या तुलनेत धरलेले नाही.

खरेदीची प्रक्रिया

परराज्यातील खरेदीत सामान्यतः पुढील टप्पे येतात. खरेदीदार आपल्या राज्याच्या योजनेचे नियम, निधीची उपलब्धता आणि अर्जाची मुदत तपासतो. मोटारीच्या ओळखक्रमांकावरून तिच्या अंतिम जुळणीचे ठिकाण पडताळता येते. विक्रेता तात्पुरता परवाना देतो किंवा वाहतूकदाराकरवी मोटार पाठवतो. विमा ताबा घेण्यापूर्वी लागू व्हावा लागतो आणि तो निवासाच्या राज्याच्या नियमांप्रमाणे असावा लागतो. त्यानंतर विक्रीपत्र, मालकीहस्तांतरणाचे कागद आणि मैलमापकाची नोंद घेऊन खरेदीदार आपल्या राज्याच्या मोटार-वाहन विभागाकडे नोंदणी करतो. काही राज्यांत ओळखक्रमांकाची प्रत्यक्ष तपासणीही होते.

विक्रेत्याने चुकून आपल्याच राज्याचा विक्रीकर आकारून मालकीपत्राचे कागद तेथेच पाठवले, तर ते दुरुस्त करण्यात अनेक आठवडे जातात आणि तेवढ्यात अनुदानाची मुदत टळू शकते.

सदोष मोटारींविरुद्ध ग्राहकाला संरक्षण देणारे कायदेही राज्यनिहाय भिन्न आहेत. कॅलिफोर्नियाचा यासंबंधीचा कायदा मुख्यतः त्या राज्यात विकल्या गेलेल्या मोटारींना लागू होतो. त्यामुळे बाहेरून मोटार आणणारा तेथील रहिवासी या संरक्षणास मुकू शकतो.

टीका

परतावा-अयोग्य क्रेडिटचा लाभ ज्यांचा देय कर मोठा आहे त्यांनाच पूर्णपणे मिळतो. वर्षाला २,५०० डॉलर आयकर असणाऱ्या कुटुंबाला २००९ च्या रचनेत ७,५०० डॉलरपैकी २,५०० डॉलरच मिळत; उरलेले पुढील वर्षी वापरण्याची सोय नव्हती. सार्वजनिक निधीचा मोठा हिस्सा सधन कुटुंबांकडे जातो, ही टीका त्यातून उद्भवली. २०२२ च्या कायद्यातील उत्पन्नमर्यादा, वापरलेल्या मोटारींचे क्रेडिट आणि विक्रीच्या वेळचे हस्तांतरण हे या टीकेला दिलेले उत्तर मानले जाते.

दुसरी टीका भाडेपट्ट्यांवर झाली. भाडेपट्ट्याच्या मोटारीची मालक वित्तसंस्था असल्याने तिला व्यावसायिक वाहनांसाठीच्या कलम ४५-डब्ल्यूचे ७,५०० डॉलरपर्यंतचे क्रेडिट मिळे. या कलमात उत्तर अमेरिकेतील जुळणीची किंवा ग्राहकाच्या उत्पन्नाची अट नव्हती. त्यामुळे खरेदीत अपात्र असलेली परदेशी बनावटीची मोटार भाडेपट्ट्याने घेतल्यास सवलतीचा लाभ अप्रत्यक्षपणे ग्राहकापर्यंत पोहोचू शके.

तिसरा आक्षेप सवलतींच्या अस्थिरतेविषयी आहे. जॉर्जिया राज्य किमतीच्या २० टक्के, कमाल ५,००० डॉलर क्रेडिट देत असे. त्यामुळे अटलांटा ही विद्युत मोटारींची देशातील एक अग्रगण्य बाजारपेठ बनली होती. १ जुलै २०१५ पासून हे क्रेडिट रद्द झाले आणि त्याच्या जागी विद्युत मोटारींवर वार्षिक २०० डॉलर शुल्क आले. पाठोपाठ विक्री एकदम घटली. पेट्रोलवरील करातून रस्त्यांचा खर्च भागत असल्याने पेट्रोल न घेणाऱ्यांनी वेगळा वाटा द्यावा, हे अशा शुल्काचे समर्थन असते. न्यू जर्सीनेही १ जुलै २०२४ पासून वार्षिक २५० डॉलरचे आणि दरवर्षी वाढत जाणारे शुल्क लागू केले आहे.

केंद्रीय सवलतीची समाप्ती

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने नव्या, वापरलेल्या आणि व्यावसायिक अशा तिन्ही प्रकारच्या विद्युत वाहनांचे क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपादन केलेल्या वाहनांसाठी रद्द केले. मूळ कायद्यानुसार ते २०३२ अखेरपर्यंत चालणार होते.

या तारखेच्या संदर्भात ‘संपादन’ आणि ‘ताबा’ यांत आयकर खात्याने भेद केला. बंधनकारक लेखी करार आणि काही रक्कम भरणे या दोन्ही गोष्टी ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत पूर्ण झाल्या असतील, तर मोटारीचा ताबा नंतर मिळाला तरी क्रेडिटचा हक्क राहतो. दूरच्या राज्यातून मोटार मागवणाऱ्या आणि वाहतुकीत अडकलेल्या खरेदीदारांच्या दृष्टीने हा खुलासा महत्त्वाचा ठरला.

याच कायद्याने २०२५ ते २०२८ या काळात नव्या मोटारीच्या कर्जावरील व्याजाची वार्षिक १०,००० डॉलरपर्यंत वजावट दिली आहे. मोटारीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असणे आवश्यक असून उत्पन्नाची मर्यादाही आहे. ही सवलत विद्युत मोटारींपुरती नाही आणि ती क्रेडिट नसून वजावट आहे.

भारतीय पद्धतीशी तुलना

कॅलिफोर्निया व न्यू जर्सी या विद्युत मोटारींना प्रदीर्घ काळ प्रोत्साहन देणाऱ्या राज्यांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. भारतातील पद्धतीची सवय असलेल्यांना अमेरिकी रचनेतील काही गोष्टी अपरिचित वाटतात. भारतात विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के असून तो देशभर एकसारखा आहे. रस्ताकर मात्र राज्यनिहाय बदलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४० नुसार वाहनाची नोंदणी मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण जेथे असेल आणि वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाईल तेथे व्हावी लागते. म्हणजे निवासाचे तत्त्व दोन्ही देशांत समान आहे. भारताच्या आयकर अधिनियमातील कलम ८०-ईईबी विद्युत वाहनाच्या कर्जावरील व्याजाची दीड लाख रुपयांपर्यंत वजावट देत असे. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना ते लागू आहे. ती वजावट होती, टॅक्स क्रेडिट नव्हे. त्यामुळे तिची अमेरिकेच्या ७,५०० डॉलरशी थेट तुलना करता येत नाही.

हेही पहा

विद्युत वाहन
विक्रीकर
आयकर
टेस्ला
वस्तू व सेवा कर (भारत)